नायिकेचा पुरुष सहायक : 'मॉडेस्टी ब्लेझ' या चित्रमालिकेतील विली गार्विनच्या संदर्भात

प्रस्तावना

संस्कृत नाट्यविचाराने नायकाचे सहायक निश्चित केले आहेत. धनंजयाच्या 'दशरूपका'त पीठमर्द, विट आणि विदूषक यांची लक्षणे येतात. नायिकेसाठी मात्र दूती, दासी, सखी, धात्रेयी, शेजारीण असा स्त्रियांचाच परिवार सांगितला आहे. नायिकेच्या कार्यात तिच्या खालोखाल उभा राहणारा पुरुष या व्यवस्थेत नाही. त्याला संज्ञाही नाही. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य चित्रकथांनी स्त्रीला साहसकथेच्या केंद्रस्थानी आणले, तेव्हा हीच रिकामी जागा त्यांच्यापुढे आली. ती कशी भरली गेली आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चित्रकथा हा गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, या शंकेचे निरसन करीत बसण्याची आता आवश्यकता वाटत नाही.

सहायकाचे दुय्यमत्व

१९६४ पासून मुंबईहून प्रसिद्ध होऊ लागलेल्या व मराठीतूनही निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ आणि जादूगार मँड्रेक ही पात्रे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. वेताळाजवळ गुरन आहे, मँड्रेकजवळ लोथार. लोथार शरीरबळाने मँड्रेकपेक्षा कितीतरी वरचढ, शिवाय राजकुलातला. तरीही आज्ञा मँड्रेकची चालते. असे का, हा प्रश्न कथा विचारीत नाही. गोरा नायक आणि आफ्रिकी सेवक ही उतरंड वाचकाने आधीच मान्य केलेली असते. सहायकाचे दुय्यमत्व कथेबाहेरील एखाद्या विषमतेतून उसने घेतलेले असते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

नायिका आली की हे उसने घेणे अवघड होते. १९४१ च्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी 'वंडर वूमन' निर्माण केली आणि तिच्या जोडीला स्टीव्ह ट्रेव्हर हा लष्करी अधिकारी दिला. सुपरमॅन व लुईस लेन यांच्या नात्याची ही सरळ उलटापालट होती. स्टीव्ह संकटात सापडतो, नायिका त्याला सोडविते. तो वंडर वूमनवर प्रेम करतो आणि शेजारी बसणाऱ्या डायना प्रिन्सला ओळखत नाही. मात्र जी असहायता लुईस लेनच्या बाबतीत वाचकाने सहज स्वीकारली, ती गणवेशातील पुरुषाला शोभेना. पुढील लेखकांनाही त्याचे काय करावे हे उमगले नसावे. १९६९ मध्ये त्याला मारण्यात आले, १९७६ मध्ये जिवंत करण्यात आले, १९७८ मध्ये पुन्हा मारण्यात आले. १९८७ च्या नव्या मांडणीत जॉर्ज पेरेझ यांनी त्याला वयाने मोठा करून प्रणयकथेतूनच बाहेर काढले. तो सहायक होऊ शकला नाही याचे कारण उघड आहे : त्याच्याकडे करण्यासारखे काम नव्हते, केवळ प्रियकराचे पद होते.

विली गार्विन

पीटर ओडॉनेल यांची 'मॉडेस्टी ब्लेझ' ही चित्रमालिका १३ मे १९६३ रोजी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात सुरू झाली. आरंभीची चित्रे जिम होल्डवे यांची. १९७० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर एन्रिक बादिया रोमेरो यांनी, व मधल्या काळात इतरांनी, ती काढली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना ओडॉनेल यांना इराणमध्ये एक एकाकी निर्वासित मुलगी दिसली होती. तिच्या स्मृतीतून ही नायिका घडली, असे ते सांगत. मॉडेस्टी टँजियर येथे एका गुन्हेगारी संघटनेची प्रमुख होते, धनवान होऊन निवृत्त होते आणि पुढे ब्रिटिश गुप्तचर अधिकारी सर जेराल्ड टॅरंट यांच्यासाठी कामगिऱ्या पार पाडते. विली हा तिने सायगॉनच्या तुरुंगातून सोडवून आणलेला, आयुष्य वाया चाललेला माणूस.

ओडॉनेल यांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. विलीला स्वतंत्र कौशल्य दिले : सुरीफेकीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, यंत्रविद्येतही तो निष्णात आहे, पिस्तूल मात्र त्याला चालविता येत नाही, ते मॉडेस्टीचे क्षेत्र. त्याला थेम्सकाठी स्वतःचे मद्यगृह दिले, म्हणजे तो पगारी नोकर राहिला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांत शरीरसंबंध येऊ दिला नाही. तिला प्रियकर आहेत, त्याला मैत्रिणी आहेत. एकमेकांचा मत्सर कोठेही नाही. १९६६ च्या जोसेफ लोसी यांच्या चित्रपटाने नेमका हाच संयम मोडून दोघांत प्रणय सूचित केला आणि मूळ जोडीचे वैशिष्ट्य हरवून बसला. प्रियकर झालेला सहायक पुन्हा स्टीव्हच्याच जागी जाऊन पडतो.

कामगिरीत अंतिम निर्णय मॉडेस्टीचा असतो. विली सल्ला देतो, प्रसंगी नाराजीही दाखवितो. पण निर्णय झाल्यावर आज्ञापालनात त्याला कमीपणा वाटत नाही. साठीच्या दशकारंभीच्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत हे घडले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तरीही येथे एक उसनवारी आहेच. विली कॉकनी बोलतो; मॉडेस्टीची इंग्रजी सुसंस्कृत आहे आणि तिचे निवासस्थान हाईड पार्कसमोर आहे. तो तिला 'प्रिन्सेस' म्हणतो. वस्तुतः ती देश नसलेली, आईबाप ठाऊक नसलेली निर्वासित. 'ब्लेझ' हे आडनावही तिने स्वतःच घेतलेले. पण 'प्रिन्सेस' या संबोधनाने पुरुषाने स्त्रीची आज्ञा पाळणे हे श्रमिक वर्गातील माणसाने राजकन्येची सेवा करण्याच्या जुन्या, परिचित चौकटीत बसते. लोथारच्या बाबतीत वंशभेदाने जे केले, ते येथे वर्गभेद व भक्तिभाव मिळून करतात. सत्ता स्त्रीच्या हाती गेली खरी. परंतु ती वाचकाच्या गळी उतरविण्यासाठी दुसऱ्या विषमतेचा आधार लागला. ओडॉनेल यांचे यश मान्य करूनही ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

तिचा प्रत्यय शेवटाकडे येतो. ओडॉनेल यांनी या पात्रांवर कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतील १९९६ च्या 'कोब्रा ट्रॅप' या अखेरच्या संग्रहात असाध्य व्याधीने ग्रस्त मॉडेस्टी इतरांना वाचविण्यासाठी मागे राहते; विलीला कोणताही आजार नाही, पण तोही मागे राहतो आणि दोघे मरतात. होम्स गेला असे समजूनही वॉटसन जगला, त्याने आठवणी लिहिल्या. विलीला नायिकेविना अस्तित्व देणे त्याच्या निर्मात्यालाही जमले नाही. ११ एप्रिल २००१ रोजी, ओडॉनेल यांच्या ८१ व्या वाढदिवशी, संपलेल्या चित्रमालिकेत मात्र दोघेही जिवंत आहेत. तेथे कोणाला कोणामागे मरावे लागत नाही.