थोड्या पैशांत वेरूळ-अजिंठा

फिरायला जायचे म्हटले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. "एवढा पैसा आणायचा कुठून?" असे घरधनी म्हणतो, आणि बेत तिथेच बसतो. लग्नाला पैसा निघतो. जत्रेला निघतो. दुखण्याला तर काढावाच लागतो. फिरण्याला मात्र निघत नाही. फिरणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत.

त्यातून पुरुष माणूस कामाच्या निमित्ताने चार गावे पाहतो. बाजार, तालुक्याची कचेरी, कोर्ट, कारखाना, काही ना काही घडते. घरातल्या बाईचे काय? तिचा प्रवास म्हणजे सासर ते माहेर. फार तर पंढरपूर, नाही तर कुलदैवत. आमच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "नुसते पाहायला म्हणून कोण कोठे गेले आहे?" वर्ग बायकांनी भरलेला होता. एकही हात वर झाला नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, देवाला गेलो ते धरायचं का?" आम्ही म्हटले, धरू या. पण वेरूळची लेणी त्यांतल्या एकीनेही पाहिली नव्हती. घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन दोघीजणी आल्या होत्या. देवळापासून लेणी जवळच आहेत. पण गाडीवाल्याला घाई होती, म्हणून त्या तशाच परतल्या.

म्हणून या पाठात आम्ही एकच सहल घेतली आहे. वेरूळ, देवगिरी आणि अजिंठा. दिवस तीन, रात्री दोन. ही सहल थोडक्यात कशी होते ते पाहू.

आधी पैसा साठवण्याचे पाहू. रोज १० रुपये डब्यात टाकले, तर वर्षाचे ३,६५० होतात. घरात दोघे कमावते असतील, तर दोघांचे मिळून ७,३००. डबा भरला की पैसे पोस्टात किंवा बँकेत टाकावे. घरात ठेवले की ते फुटतात, हा सर्वांचा अनुभव आहे. बचत गट असेल तर फारच चांगले.

काही मंडळी मात्र आधी उसने काढून फिरून येतात. मग वर्षभर फेडत बसतात. याचा हिशेब करून पाहा. सावकाराकडून १०,००० रुपये काढले. व्याज शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे महिन्याला ३०० रुपये. वर्षाला ३,६०० रुपये. मुद्दल जागच्या जागी! रोजचे १० रुपये डब्यात टाकले तर साधारण तेवढेच होतात. आधी साठवले तर त्या पैशांत सहल होते. मागून फेडले तर ते व्याजात जातात. आजकाल मोबाइलवरही झटपट कर्ज मिळते. त्याचे व्याज आणि दंड कित्येकदा सावकारापेक्षा कडक असतो. सहलीसाठी त्या वाटेला जाऊच नये.

आता दिवस कोणते निवडावे? इथे पुष्कळांची फसगत होते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो भाडे भरून जातो, आणि बंद दरवाजा पाहून येतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब सोमवारीच अजिंठ्याला पोहोचले. मंगळवारपर्यंत थांबावे, तर मुक्कामाचा खर्च वाढतो. न थांबावे, तर आल्याचे भाडे वाया. शेवटी ते फर्दापूरला चहा पिऊन परत फिरले. पोरे वाटभर रडत होती म्हणे.

शनिवार-रविवारी गर्दी फार. तेव्हा बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन दिवस उत्तम. दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात खाजगी गाड्यांचे भाडे चढते, खोल्यांचेही चढते. शिवाय मे महिन्यात तिकडचे ऊन सोसत नाही. आमच्या मते भाद्रपद महिना सर्वांत बरा. पेरण्या, खुरपण्या उरकलेल्या असतात. डोंगर हिरवे असतात. वेरूळच्या २९ नंबरच्या लेण्याजवळ धबधबा पडतो, त्या जागेला सीतेची न्हाणी म्हणतात. तो उन्हाळ्यात कुठला दिसायला! श्रावणी सोमवार मात्र टाळावा. त्या दिवशी घृष्णेश्वराला पाय ठेवायला जागा नसते.

वाहन कोणते? आम्ही एस. टी.च्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस. टी.ची पहिली गाडी गेली. तेव्हापासून गरिबाची गाडी ती हीच. आता तर तिच्यात आणखी सवलती आहेत. १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना आणि मुलींना एस. टी.त अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या म्हाताऱ्या माणसांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे, त्याहून लहान असेल तर काही नाही. वयाची सवलत हवी, तर आधार कार्ड जवळ ठेवावे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, हेही ध्यानात असावे.

एक उदाहरण करू. घरात पाच माणसे आहेत. बाप, आई, ७० वर्षांची आजी, १४ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा. पूर्ण तिकीट १०० रुपये आहे असे समजा. बापाचे १००. आईचे ५०. आजीचे ५०. मुलीचे ५०. मुलाचे ५०. एकूण ३००. पाच माणसे तीन तिकिटांत गेली! २०२३ च्या आधी याच घराला ४०० रुपये पडले असते. म्हणजे पूर्वी "बायकांना कशाला न्यायचे, खर्च वाढतो" असे कोणी म्हणत असेल, तर आता तेही म्हणायची सोय राहिली नाही.

एस. टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' असा एक पास १९८८ पासून आहे. तो ४ दिवसांचा आणि ७ दिवसांचा मिळतो. तेवढ्या दिवसांत कितीही फिरा. पण पास घेण्यापूर्वी आगारात किंमत विचारावी. जाण्यायेण्याच्या सगळ्या तिकिटांची बेरीज करावी. बेरीज पासापेक्षा जास्त आली तरच पास घ्यावा. बायकांनी अर्ध्या तिकिटाची बेरीज करावी. तीन दिवसांच्या जवळच्या फेरीला बहुतेकदा साधे तिकीटच स्वस्त पडेल.

लांबची मंडळी आगगाडीने येतील. आगगाडीचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला. वेळेवर काढले तर साध्या दरात जागा मिळते. ऐन वेळी तत्काळचे काढले तर जास्त पैसे पडतात, आणि पक्के तत्काळ तिकीट रद्द केले तर काही परत मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांची आगगाडीतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. पुष्कळांना अजून वाटते की ती आहे. मुलासाठी झोपायची स्वतंत्र जागा घेतली, तर ५ वर्षांपुढच्या मुलाचेही पूर्ण भाडे लागते. जागा नको असेल तर ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धे लागते.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला करावा. याचेच नाव पूर्वी औरंगाबाद होते. वेरूळ तिथून सुमारे ३० किलोमीटर आणि अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. धर्मशाळा किंवा साधी खोली पाहावी. खोली घेताना एक गोष्ट अवश्य विचारावी. "दिवस कसा धरता? चोवीस तासांचा, की दुपारी बारापर्यंतचा?" बारापर्यंतचा धरत असतील आणि तुम्ही रात्री दहाला पोहोचलात, तर चौदा तासांना दिवसाचे पैसे गेले. म्हणून दुपारी पोहोचेल अशी गाडी धरावी. फोनवरून कोणी "आधी पैसे पाठवा, मग खोली ठेवतो" म्हणाला, तर जपून. तीर्थाच्या गावांच्या नावाने खोटी भक्तनिवासे दाखवून पैसे उकळणारे लोक आहेत. कोणी फसलाच, तर लगेच १९३० या सरकारी नंबरावर फोन करावा.

शिदोरीबद्दल आमच्या भगिनींना आम्ही काय शिकवणार! दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थोडे लाडू. दोन दिवस सहज निघतात. जेवण एक वेळ बाहेर, एक वेळ घरचे, असे ठेवावे. मुलांना रोज एकदा बाहेरचे काही हवेच असते, ते द्यावे. सगळीकडेच हात आखडला की सहलीची गोडी जाते. लेण्यांपाशी वानरे फार आहेत. पिशवी हातातून ओढून नेतात. खाणे झाकून ठेवावे.

बुधवारी दुपारी पोहोचलात की संध्याकाळपर्यंत पाणचक्की आणि बीबी का मकबरा होतो. पाणचक्कीत डोंगरातले पाणी जमिनीखालून आणून त्यावर जाते फिरवीत असत. बायकांनी ते जरूर पाहावे. आपले हात दुखेपर्यंत जे काम केले, ते तिथे पाणी करीत होते. मकबरा औरंगजेबाच्या मुलाने आपल्या आईसाठी बांधला.

गुरुवारी पहाटे निघावे. देवगिरी आणि वेरूळ एकाच रस्त्यावर आहेत. म्हणून वेगळी मोटार करायचे काम नाही. एस. टी.ने देवगिरीला उतरावे, किल्ला पाहावा, आणि पुढची गाडी धरून वेरूळला जावे. देवगिरी ही यादवांची राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिले. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्यावर किल्लेदार होते असे सांगतात. चढ मोठा आहे, ऊन चढण्याआधी चढावे. आजींनी खालीच सावलीला बसावे. त्यांचे गुडघे वेरूळसाठी राखून ठेवावे.

वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची, ३० ते ३४ जैनांची. तीन धर्मांचे लोक एकाच डोंगराला लागून आपापले काम करीत राहिले. सगळी लेणी पाहायला दोन किलोमीटरहून अधिक चालावे लागते. पाय थकलेले असतील तर १०, १६ आणि ३२ ही तीन तरी पाहावी. १६ नंबरचे ते कैलास लेणे. आपण घर बांधतो ते पायापासून वर. कैलासाचे काम उलटे झाले. डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदीत आले. आधी कळस घडवला, शेवटी पाया! हत्ती, खांब, जिने, सगळे एकाच खडकातले. जोडलेला दगड नाही. चुकून एक खांब तुटला असता, तर दुसरा कुठून आणणार? आठव्या शतकातले हे काम आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते झाले असे मानतात. इथे वाटाड्या करावा, पण चार घरांनी मिळून एक करावा. म्हणजे पैसे वाटून जातात आणि माहिती सर्वांना मिळते. सहलीत पैसा वाचवायचा म्हणून कैलास न समजता पाहणे, हे आम्हाला पटत नाही.

लेण्यांचे प्रवेशशुल्क भारतीय माणसाला ४० रुपये, असे २०१८ साली ठरले. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही पडत नाही. दर तिथल्या पाटीवर लिहिलेला असतो. तो स्वतः वाचावा आणि मगच पैसे काढावे. तिकिटावरचा आकडाही वाचावा. मोटारीवरची पाटी वाचावी. आमच्या वर्गातल्या त्याच आजीबाई आता गाडीची पाटी वाचून चढतात. पूर्वी कुणाला तरी विचारायच्या, आणि सांगणारा रिक्षावालाच निघायचा. "एष्टी आत्ताच गेली आजी, बसा माझ्या रिक्षात" असे म्हणायचा. त्यात त्यांचे किती रुपये गेले असतील कोण जाणे.

वेरूळहून पाच वाजता घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन परत यावे. या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला.

शुक्रवारी अजिंठा. जळगावकडे जाणारी एस. टी. धरावी. वाटेत अजिंठा नावाचे गाव लागते. तिथे उतरू नये! लेणी तिथे नाहीत, घाट उतरून पुढे फर्दापूरजवळ आहेत. कंडक्टरला "अजिंठा लेणी, फर्दापूरचा फाटा" असे स्पष्ट सांगावे. फाट्यापासून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर एस. टी.च्याच गाड्या नेतात. बाहेरच्या गाड्या फाट्यावरच थांबतात. म्हणून महागडी मोटार करून आलेला आणि एस. टी.ने आलेला, शेवटी एकाच गाडीत शेजारी बसतात.

वाघूर नदीने तिथे घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या कड्यात लेणी आहेत. ती कित्येक शतके झाडीत लपून गेली होती. १८१९ साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. १ नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेतलेल्या पद्मपाणीचे चित्र आहे. आत अंधार असतो. आत गेल्यावर थोडे उभे राहावे, डोळे सरावले की रंग दिसू लागतात. घाईने बाहेर पडणाऱ्याला काहीच दिसत नाही. मोबाइलचा झगझगीत दिवा पाडू नये, त्याने रंगाला बाधा येते. शेवटी २६ नंबरच्या लेण्यात निजलेला बुद्ध आहे. तिथे थोडा वेळ बसावे.

खानदेशातली आणि विदर्भातली मंडळी लेण्यांहून संभाजीनगरला परत येतात, ते व्यर्थ आहे. जळगाव तिथून सुमारे ६० किलोमीटर. तिकडे सरळ निघून आगगाडी धरावी. शंभर किलोमीटरचे उलटे भाडे वाचते. सामान बरोबर घ्यावे लागते, म्हणून माणशी एकच पिशवी असावी. फाट्यावरून संध्याकाळची शेवटची एस. टी. केव्हा आहे, हे सकाळी उतरल्याबरोबर विचारून वहीत लिहून ठेवावे. ती गेली तर मग मिळेल त्या भाड्याने मिळेल ती गाडी करावी लागते.