पोटातला साक्षीदार

मुंबईहून दुबईला विमानाने तीन-सव्वातीन तासांत पोचता येते. पुण्याहून कोल्हापूरला मोटारीने जायला याहून अधिक वेळ मोडतो. त्यामुळे आपल्या घरांतून दुबई हा आता परदेश म्हणून गणलाच जात नाही. कोणाचा मुलगा तिथे बँकेत असतो, कोणाचा जावई बंदरावर. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या आखातात राबत आले आहेत. सुटीत जायचे, उंच इमारतीखाली फोटो काढून घ्यायचे, खजूर आणि केशर घेऊन परतायचे. तिथल्या कायद्याची आठवण होते ती फार तर फराळाचा डबा भरताना. अनारशांवरची खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते, तेव्हा अनारसे नेऊ नका, एवढे मात्र प्रत्येक सासूबाई प्रत्येक सुनेला बजावून सांगतात.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला जो प्रश्न विचारला, तो मात्र सासूबाईंच्या यादीत बसणारा नव्हता. मुलगी पुण्यात एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. तिचा जोडीदार अबू धाबीला नोकरीला. लग्न झालेले नाही. करायचे आहे की नाही, हे दोघांचे दोघे ठरवतील. तिला पाचवा महिना लागला होता, आणि बाळ होण्यापूर्वी दहा-बारा दिवस त्याच्याकडे जाऊन राहावे असे तिच्या मनात होते. "मॅडम, आई म्हणते तुला विमानतळावरच पकडतील. तो म्हणतो, इथे कोण विचारतं? खरं काय?" मराठीच्या प्राध्यापिकेला हे विचारावे, यात तिचा भोळेपणा होता की बाकी कोणाला विचारण्याची सोय नव्हती, हे वाचकांनीच ठरवावे. मी मात्र तिच्यासाठी महिनाभर वाचत बसले.

आई आणि जोडीदार दोघेही अर्धेच खरे बोलत होते. विमानतळावर खरोखरच कोणी विचारत नाही. पारपत्र तपासणाऱ्याला तुमचा व्हिसा हवा असतो, विवाहाचा दाखला नव्हे. विमान कंपन्यांचा नियम आठवड्यांचा असतो: साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ३६ नंतर बहुतेक कंपन्या लांबच्या प्रवासाला घेत नाहीत. हॉटेलातही कोणी फारशी चौकशी करत नाही. प्रश्न उभा राहतो तो एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे रुग्णालयाची खिडकी. पोटात कळ आली, अंगावरून जाऊ लागले, मग मात्र त्या खिडकीशी जाण्यावाचून गत्यंतर नाही. आणि गरोदर बाईचे नाव नोंदवताना तिथे नवऱ्याचे नाव आणि लग्नाचा दाखला मागण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे.

२०१७ च्या आरंभी नेमके असेच घडले. दक्षिण आफ्रिकेचा एक तरुण आणि त्याची युक्रेनची वाग्दत्त वधू अबू धाबीला राहत होती. पोटात दुखते म्हणून ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी तपासले, तर दिवस गेलेले. विवाहाचा दाखला नव्हता. दोघांनाही अटक झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर काही आठवड्यांनी आरोप मागे घेऊन त्यांना सोडण्यात आले. त्या मुलीने कोणाचे काही चोरले नव्हते, रस्त्यात गैरवर्तन केले नव्हते. तिचे पोट दुखले, एवढेच.

आपली भाषा या बाबतीत जरा उदार आहे, हे भाषेच्या शिक्षिकेने सांगितल्यावाचून कसे राहावे? आपण म्हणतो 'दिवस गेले', आपण म्हणतो 'दोन जिवांची'. या शब्दांत नवरा कुठेच नाही. आई आहे, बाळ आहे आणि सरणारे दिवस आहेत. समाज उदार होता असा याचा अर्थ नव्हे. तो किती कठोर होता, ते पुढे येईलच.

पोट हा पुरावा कसा झाला, याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. कुराणात व्यभिचाराचा आरोप सिद्ध करायला चार साक्षीदार मागितले आहेत. चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर आरोप करणाऱ्यालाच शिक्षा सांगितली आहे. ही अट पाळली तर गुन्हा सिद्ध होणे जवळजवळ अशक्यच. पण पुढे शास्त्रकारांत मतभेद झाले. मालिकी पंथाच्या पंडितांनी अविवाहित स्त्रीचा गर्भ हाच पुरावा मानला. इतर पंथांच्या बहुतेक पंडितांनी नुसता गर्भ पुरेसा धरला नाही. अबू धाबी आणि दुबईत परंपरेने मालिकी पंथच मानला जात आला आहे. पुरुषाविरुद्ध चार साक्षीदार कोण कुठून आणणार? बाईविरुद्धचा साक्षीदार मात्र तिच्याच पोटात वाढत असतो, आणि नऊ महिन्यांत तो स्वतः बाहेर येऊन साक्ष देतो.

याच पंथाच्या पोथीतून सुटकेची वाटही निघाली, ही मोठी गंमत. नायजेरियातल्या कात्सिना राज्यात अमीना लावल या घटस्फोटित स्त्रीला मूल झाले म्हणून २००२ साली दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा झाली होती. ज्या पुरुषाचे नाव तिने घेतले, तो 'मी नव्हे' म्हणून सुटला. अपिलात तिच्या वकिलांनी मालिकी शास्त्रातलाच एक जुना सिद्धान्त पुढे केला. गर्भ पोटात झोपी जाऊ शकतो आणि पाच-पाच वर्षांनी जागा होऊ शकतो, असे ते शास्त्र मानते. मग हे मूल आधीच्या नवऱ्याचे कशावरून नाही? वैद्यकाला हे पटणार नाही. पण जुन्या शास्त्रकारांनी असला सिद्धान्त मांडला त्यामागे कुठेतरी दया असावी असे मला वाटते. २५ सप्टेंबर २००३ रोजी वरच्या शरियत न्यायालयाने खटल्यातले दोष दाखवून तिला निर्दोष सोडले.

आता अबू धाबीकडे परत येऊ, कारण २०१७ नंतर तिथला कायदा बराच बदलला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीने लग्नावाचून एकत्र राहणे गुन्ह्यांतून काढले. २ जानेवारी २०२२ पासून नवी दंडसंहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधाबद्दल कारवाई व्हायची तर ती नवऱ्याने किंवा पालकाने तक्रार केली तरच. आणि मूल? त्यासाठी वेगळे कलम आहे. आईबापांनी लग्न करावे, किंवा दोघांनी मिळून वा एकट्याने मूल आपले म्हणून स्वीकारावे आणि आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे त्याचे कागद करून घ्यावेत. तसे केले तर गुन्हा नाही. नाही केले तर दोघांनाही किमान दोन वर्षांची कैद.

हे वाचून मी जरा थबकले. कायद्याने नजर बिछान्यावरून काढून पाळण्यावर नेली आहे. मुलाला नाव मिळावे, कागद मिळावेत, हा हेतू चांगलाच म्हणायचा. पण गुन्ह्याची छाया पुरती गेलेली नाही. ती आता कागदांच्या आड उभी आहे. 'पालकाने तक्रार केली तर' हे शब्दही विसरण्यासारखे नाहीत. सज्ञान मुलीवर रागावलेला बाप पोलिसांत गेला तर काय, असा प्रश्न आपल्याकडच्या घरांतही अगदीच काल्पनिक नाही.

मुलीला मी जे समजले ते सांगितले. फिरायला गेलीस आणि सुखरूप परत आलीस तर बहुधा काहीच होणार नाही. पण या अवस्थेत 'बहुधा' या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रवास-विमे बाळंतपणाशी संबंधित खर्च देत नाहीत. तिथल्या एखाद्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाला नवा कायदा ठाऊक असेलच असेही नाही; सवयी कायद्याहून सावकाश बदलतात. तिने ऐकून घेतले, चार दिवस विचार केला आणि त्यालाच रजा काढून पुण्याला बोलावले. तिकिटाचे पैसे तेवढेच पडले. बाळ आता रांगते आहे.

सगळे मुस्लिम देश एकाच मापाने मोजण्याची आपल्याकडे एक वाईट खोड आहे. तुर्कस्तानात लग्नाबाहेरचा संबंध हा गुन्हाच नाही. व्यभिचाराची उरलीसुरली कलमेही तिथल्या घटना-न्यायालयाने १९९० नंतरच्या दशकात रद्द केली. मोरोक्कोत मात्र दंडसंहितेचे ४९० वे कलम अशा संबंधाला एक महिना ते एक वर्ष कैद सांगते. २०१९ साली हाजर रैसूनी या पत्रकार तरुणीला एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून बाहेर पडताना पकडले आणि वर्षाची शिक्षा दिली, डॉक्टरलाही सोडले नाही. पुढे राजाने सर्वांना माफी दिली. इंडोनेशियाने, म्हणजे आपली नवी जोडपी मधुचंद्राला जातात त्या बालीच्या देशाने, डिसेंबर २०२२ मध्ये नवी दंडसंहिता संमत करून लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा ठरवला, पण तक्रारीचा अधिकार पती-पत्नी, आईबाप किंवा मुले यांच्यापुरताच ठेवला.

कतारचा कायदा याहून कडक आहे. तिथल्या २००४ च्या दंडसंहितेत या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कतारला जायचा तुमचा विचार नसला, तरी लंडनला किंवा कॅनडाला लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना दोहाच्या विमानतळावर तुमचे चार तास जातातच. २ ऑक्टोबर २०२० रोजी त्या विमानतळावरच्या एका कचऱ्याच्या डब्यात नुकते जन्मलेले मूल सापडले. मुलगी होती, जिवंत होती. मग आईचा शोध सुरू झाला. तो कसा? सुटायच्या बेतात असलेल्या विमानांतून स्त्रियांना खाली उतरवण्यात आले, धावपट्टीजवळ उभ्या केलेल्या रुग्णवाहिकांत नेऊन त्यांची सक्तीने तपासणी करण्यात आली. कशासाठी, हेही बहुतेकींना सांगितले नव्हते. सिडनीच्या विमानातल्या ऑस्ट्रेलियन स्त्रियांनी परत गेल्यावर वाचा फोडली म्हणून जगाला कळले. कतार सरकारने दिलगिरी व्यक्त केली. मुलीची आई कोण ते पुढे कळले, असे तिथल्या सरकारी वकिलांनी जाहीर केले; ती तोवर देश सोडून गेली होती.

त्या स्त्रियांचा अपमान भयंकरच. पण ज्या बाईने विमानतळाच्या संडासात एकटीने बाळंत होऊन, नाळ कशीबशी तोडून, पुढचे विमान पकडले, तिच्या मनात काय असेल? १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच बायांसाठी. आपल्या ब्राह्मण विधवांना तेव्हा विहीर किंवा काळे पाणी याखेरीज तिसरी वाट नव्हती. तिथे येऊन बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, नाव कोणी विचारणार नाही, अशी ती सोय होती. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर यशवंत.

माझ्या विद्यार्थिनीला परतीचे तिकीट होते, पुण्याचा डॉक्टर होता, रजा काढून येणारा जोडीदार होता. आखातात घरकामाला गेलेल्या बाईकडे यातले काहीच नसते. तिचा व्हिसा मालकाच्या हातात, पुष्कळदा पारपत्रही त्याच्याच कपाटात. दिवस गेले ते प्रेमाने की मालकाच्या घरातल्या कोणाच्या जबरदस्तीने, हे सांगायला पोलिसांत जावे तर तिथेच आपला गुन्हा कबूल केल्यासारखे होते. मूल झाले तर जन्माची नोंद नाही, नोंद नाही म्हणून पारपत्र नाही आणि पारपत्र नाही म्हणून मूल घेऊन परत येता येत नाही. भारत सरकारने ३० वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत घरकामासाठी जायला मनाई केली आहे. त्यामुळे अनेकजणी दलालांमार्फत पर्यटकाचा व्हिसा काढून जातात आणि कुठल्याच दप्तरात त्यांचे नाव राहत नाही.

अशा बाईच्या गावाकडच्या माणसांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय आईला परदेशात झालेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करता येते, आणि डिसेंबर २०१६ पासून पारपत्राच्या अर्जात एकाच पालकाचे नाव लिहिले तरी चालते. बापाची सही लागत नाही. दुसरे असे की, प्रत्येक वकिलातीकडे २००९ पासून अडलेल्या भारतीयांसाठी एक कल्याण निधी असतो. त्यातून राहण्याची सोय, वकील, किरकोळ दंड आणि परतीचे तिकीट यांचा खर्च करता येतो.  फोन तिच्या हातात नसेल, तर तिच्या घरच्यांनी पत्ता आणि पारपत्राचा नंबर घेऊन इकडून लिहिले तरी वकिलात तपास करू शकते. म्हणून घरातली बाई आखातात कामाला निघाली, की तिच्या पारपत्राची एक नक्कल घरच्या ट्रंकेत ठेवून घ्यावी.