‘काका, तुम्हाला पैसे कोण देतं?’

संध्याकाळी चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या बस रावेतमध्ये रिकाम्या होतात. त्यातून उतरणाऱ्यांत तुमचे बाबा असतील आणि त्यांची निवृत्ती जवळ आली असेल, तर पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. पीएफ, ग्रॅच्युइटी अजून हातात पडलेली नसते, पण घरी चहाला येणारे मात्र वाढलेले असतात. एक जण पॉलिसी आणतो, दुसरा म्युच्युअल फंड, तिसरा प्लॉटचा नकाशा. आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘मी तुमचा आर्थिक सल्लागार!’

खरं तर हे काम नवं नाही. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली आणि पोस्टाच्या आरडीचे पैसे गोळा करणाऱ्या काकू घरोघरी पोहोचल्या. विम्याचे एजंट तर त्याच्याही आधीपासून होते. दोघांचीही कमाई कमिशनवर. त्यात गैर काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत हवं.

आज मुख्य फरक इथंच आहे. म्युच्युअल फंड वितरकाकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो आणि त्याला कमिशन फंड कंपनी देते. सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार मात्र थेट तुमच्याकडून फी घेतो. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’नं सुरू होतो आणि तो सेबीच्या साइटवर तपासता येतो. २०२० पासून, अशी नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला ‘आर्थिक सल्लागार’ म्हणवून घेता येत नाही.

‘कमिशन असून असून किती असणार?’ असं वाटतंय? हिशेब करू. समजा, तुम्ही पहिल्या पगारापासून दरमहा ५ हजारांची एसआयपी २५ वर्षं चालवली. परतावा वर्षाला १२ टक्के धरला तर साधारण ९५ लाख होतात, ११ टक्के धरला तर ८० लाखांच्या आत. एका टक्क्यानं १५ लाख गेले, म्हणजे तुम्ही भरलेल्या मुद्दलाइतके! अर्थात बाजार पडल्यावर घाबरून एसआयपी बंद करणाऱ्याला कुणी वेळीच थांबवलं, तर ते पैसे वसूलही होतात.

चांगला सल्लागार पहिल्या भेटीत काहीच विकत नाही. आधी विचारतो: घरखर्च किती, फ्लॅटचा हप्ता किती, आरोग्य विमा आहे का, सहा महिने पगार थांबला तर काय, खात्यांना वारसाचं नाव लावलंय का? घरात पैशांवरून बोलणंच होत नसेल, तर ते सुरू करून देणं हेही त्याचंच काम.

तुम्हालाच या क्षेत्रात यायचंय? वितरक होण्यासाठी एनआयएसएमची ‘५-ए’ परीक्षा आहे. गुंतवणूक सल्लागारासाठी पदवी आणि ‘१०-ए’, ‘१०-बी’ या दोन परीक्षा लागतात. अनुभवाची अट सेबीनं २०२४च्या अखेरीस काढून टाकली. त्यामुळे शेवटच्या वर्षात असतानाच तयारी सुरू करता येईल. फक्त आकडेमोड पुरणार नाही, समोरच्याचं ऐकून घेता यायला हवं.

तोपर्यंत एक करा. पुढच्या वेळी कुणी फॉर्म घेऊन घरी आलं, की बाबांनी सही करण्याआधी चहाचा कप पुढं करत सरळ विचारा, ‘काका, यात तुम्हाला पैसे कोण देतं?’ खरा सल्लागार या प्रश्नाला हसून उत्तर देईल. जो चिडेल, त्याचा फॉर्म कोराच परत द्या.