भाषेचा मतदारसंघ आणि जातीचे बहुमत

बहुभाषिक देशात मतदारसंघ भाषेनुसार आखावेत, असा विचार अधूनमधून पुढे येतो. बेल्जियममध्ये युरोपीय संसदेसाठी डच, फ्रेंच व जर्मन भाषकांचे वेगळे मतदार गट आहेतच. आमचा सवाल एवढाच, भाषा एक झाली म्हणजे गाव एक झाले काय?

आमचा रायगडचा किनारा घ्या. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, कातकरी, बौद्ध. प्रत्येकाच्या बोलण्याचा ढंग निराळा. कोर्लईत तर पोर्तुगीजमिश्रित बोली आजही जिवंत आहे. सरकारदरबारी मात्र बहुतेक सारे मराठी भाषक! २० मार्च १९२७ रोजी महाडला, चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आमच्या माणसांची डोकी फोडणारेही मराठीच बोलत होते.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवरील पुस्तकात हेच दुखणे नेमके पकडले. एकभाषिक प्रदेशात एक मोठी जात असते व लहान जाती तिच्या आश्रयाने जगतात. यावर त्यांनी उपाय सुचवला तो विभक्त मतदारसंघाचा नव्हे, राखीव जागांचाही नव्हे. दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचित मतदान, म्हणजे मतदाराने आपली सगळी मते हवी तर एकालाच द्यावीत.

हिशेब सोपा आहे. तीन जागा, एक लाख मतदार, प्रत्येकाला तीन मते. २५,००१ मतदारांनी तिन्ही मते एकालाच दिली तर त्याला ७५,००३ मते पडतात. उरलेल्यांनी काहीही केले तरी त्यांचे तिघे त्याच्यापुढे जाऊ शकत नाहीत. एकसदस्य मतदारसंघात हेच पंचवीस हजार लोक पाच वर्षे कुणाच्या तरी दारात उभे असतात.

१९३७ साली मुंबई इलाख्यात ही पद्धत वापरली गेली होती. १९५२ साली मात्र द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही मते एकाला देण्याची मुभा नव्हती. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच मोडीत काढले.

२००८ च्या पुनर्रचनेत रायगडच्या सातही विधानसभा जागा खुल्या राहिल्या. त्या आखताना लोकसंख्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण हे पाहायचे असते. कोणाचा आवाज बुडतो, हे कलमात कुठेच नाही.

कायद्याच्या अंगाने एक गोष्ट नोंदवतो. घटनेच्या १७० व्या कलमात ‘प्रादेशिक मतदारसंघ’ म्हटले आहे, ‘एकसदस्य’ म्हटलेले नाही. १९६१ साली साध्या कायद्याने जे काढले, ते साध्या कायद्याने परत आणता येते. पुढच्या पुनर्रचनेआधी आमच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा.