नोटीस आली? घाबरू नका, उत्तर द्या!

पोस्टमननं लांबट खाकी पाकीट हातात दिलं आणि माझ्या मैत्रिणीच्या पोटात गोळाच आला. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत तिचा पापड-मसाल्याचा छोटासा कारखाना आहे. चौदा बायका कामाला. पाकीट होतं ईएसआय कार्यालयाचं, म्हणजे राज्य कामगार विम्याचं. ‘तुम्ही काही कामगारांची नोंदणी केलेली नाही, त्यांच्या पगारावरचं योगदान थकलं आहे, खुलासा करा,’ असा मजकूर. सुनावणीची तारीखही दिलेली. तिनं ते पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिलं. ‘दिवाळीची ऑर्डर संपू दे, मग बघू!’

ऑर्डर संपली, पण सुनावणीची तारीखही निघून गेली. मग दुसरं पाकीट आलं. या वेळी ती नोटीस नव्हती, आदेश होता. 24 हजार रुपये भरा!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी आज शिवणकाम, खाकरा, बेकरी, पार्लर असा व्यवसाय करतात. दोन बायकांवर सुरू झालेलं काम दहा-पंधराजणींवर कधी जातं, ते कळतही नाही. दहा कामगार झाले की ईएसआयचा नियम आपल्याला लागू होऊ शकतो. नवीन बाई कामावर घेतली की दहा दिवसांत तिची ऑनलाइन नोंद करायची, हा वर्षानुवर्षं चालत आलेला दंडक. हिनं सणाच्या गर्दीत तीन बायका वाढवल्या. ‘चार दिवसांसाठी तर आल्यात, कशाला नोंद?’ त्या चार दिवसांचे पाच महिने झाले.

चूक तिची होतीच. पण 24 हजार एवढी होती का? इथेच खरी गोम आहे.

आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो. तिघींचा पगार प्रत्येकी 12 हजार, पाच महिन्यांचे झाले 1 लाख 80 हजार. जुलै 2019 पासून मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का, मिळून चार टक्के. म्हणजे 7 हजार 200 रुपये. मग 24 हजार आले कुठून? तर खर्चाच्या खात्यात ‘शेड दुरुस्ती’ म्हणून 4 लाख 20 हजार लिहिले होते. तेही सगळं मजुरी म्हणून धरलेलं! खरं तर त्यातले 3 लाख 60 हजार पत्रे, सिमेंट आणि लोखंडाचे. गवंड्यांची मजुरी फक्त 60 हजार. मजुरीवर योगदान लागू शकतं, पण सिमेंटच्या पोत्यावर कसं लागेल? पत्रे-सिमेंटची बिलं घरातच होती, एका पिशवीत. ती सुनावणीत दाखवली असती तर बरंचसं तिथेच मिटलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा, नोटीस म्हणजे निकाल नव्हे. ती तुम्हाला विचारते आहे, ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ आपण गप्प बसलो तर समोरचा त्याच्याकडच्या आकड्यावरच आदेश काढणार. उत्तर लेखी द्या, हजेरीपट, पगारपत्रक, बिलं जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. सुनावणीला जाताना कर सल्लागार किंवा वकील सोबत नेता येतो.

आणि आदेश निघालाच तर? तरी दार बंद होत नाही. 1948 चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या कलम 126 नुसार, योगदान ठरवणाऱ्या आदेशावर अपील प्राधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी आदेशातल्या योगदानाच्या 25 टक्के किंवा आपल्या स्वतःच्या हिशेबानं निघणारी रक्कम, यांतली जी जास्त असेल ती आधी भरावी लागते. आमच्या हिशेबात चौथा हिस्सा येत होता 6 हजार, पण तिघींचा पगार आणि गवंड्यांची मजुरी धरून 2 लाख 40 हजारांवर योगदान निघालं 9 हजार 600. म्हणून 9 हजार 600 भरायचे. अपील जिंकलं तर भरलेली रक्कम व्याजासह परत मिळायची तरतूद आहे.

उशिराबद्दल वर जो दंड लागतो, त्याला कायद्याच्या भाषेत ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. ती थकबाकीच्या रकमेपेक्षा जास्त लावता येत नाही. ती मान्य नसेल तर कामगार विमा न्यायालयात दाद मागता येते. असा दंड डोळे झाकून लावायचा नसतो, परिस्थिती बघायची असते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये एचएमटी कंपनीच्या प्रकरणात म्हटलं आहे. पण ‘माझा हेतू वाईट नव्हता’ एवढ्यावर विसंबू नका. प्रॉव्हिडंट फंडाच्या एका प्रकरणात 2022 मध्ये याच न्यायालयानं, दंडासाठी हेतू सिद्ध व्हायची गरज नाही, असा निर्णय दिला. तेव्हा आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद, पूर आला असेल तर पंचनामा, असं कारणाबरोबर कागदही हवेत.

आणखी एक. मागच्या महिन्यांचा बायकांचा पाऊण टक्का आता त्यांच्या पगारातून कापायचा नाही. उशीर आपला, तेव्हा तो वाटाही आपणच भरायचा.

मैत्रिणीनं अपील केलं. पत्र्यांची, सिमेंटची बिलं जोडली. पण त्याआधी एक काम केलं, त्या तिघींची नोंद! ते करताना ती म्हणाली, ‘‘अगं, पॅकिंग मशीनवर बसते ना, तिचं बोट गेलं असतं तर?’’

मला वाटतं, सगळ्यात मोलाचं हेच. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. आजारपणात पगाराचा भाग मिळतो, अटी पूर्ण केल्या तर बाळंतपणात 26 आठवड्यांचा पगार मिळतो. आणि नोंद नसलेल्या बाईला अपघात झाला तर तिला दिलेला खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. तो आकडा 24 हजारांवर थांबेलच असं नाही.

आपण कधीकाळी दुसऱ्याकडे राबलो, तेव्हा आपलं नाव कुठल्या वहीत नव्हतं. आता वही आपल्या हातात आहे. दंड अवाजवी असेल तर खुशाल भांडा, कायदाच तो हक्क देतो. पण नवी बाई कामावर आली की चहा देण्याआधी तिचं नाव लिहून घ्या. आणि हो, सरकारी पाकीट देव्हाऱ्याखाली ठेवू नका. उघडा, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशी कामाला लागा!