भूत कापलं, भीती उरली

बेचाळिसाव्या वर्षी मी ‘डायरेक्टरीणबाई’ झाले! आणि तीही भुताची. धारप-मतकरींच्या गूढकथा पांघरुणात वाचत वाढलेली मी. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८मध्ये पाहिला, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. शेवटी साठवलेले ४० हजार काढले. गावाकडचं घर, दोन रात्री, ९ मिनिटांची फिल्म. पांढरी साडी नेसवून, केस मोकळे सोडून भाचीला भूत केलं.

एडिटिंग झाल्यावर घरच्यांना दाखवली. भूत दिसताच पोरं खो-खो हसली. पैसे गेले, हसंही झालं.

रात्री सासूबाई जवळ येऊन बसल्या. ‘‘अगं, हे गेल्यावर मी त्या घरात एकटी राहायचे ना, तेव्हा मागच्या दाराची कडी वाजायची. दिसायचं कुणीच नाही. कोयता उशाशी घेऊन उजाडेपर्यंत बसायचे.’’

लग्नाला अठरा वर्षं झाली, हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

भुताचे सगळे शॉट्स कापले. एक रात्र पुन्हा शूटिंग. फक्त सासूबाई, कंदील आणि ते दार. कडीचा आवाज अगदी जवळून वेगळा रेकॉर्ड केला. त्याआधीचे १० सेकंद रातकिडेही बंद केले. अचानक सगळं गप्प झालं, की बघणारा आपोआप कान टवकारतो, हे तेव्हा कळलं.

या खेपेला कुणी हसलं नाही. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

‘‘आई, घाबरलात?’’

‘‘छे गं. आज सोबत होती ना!’’