‘पेपे ल मोको’ आणि ‘माणूस’ : गुन्हेगारी प्रेमपटाचे आकर्षण

कायदा मोडणाऱ्या व्यक्तीच्या प्रेमकथेत कायदा पाळणारा प्रेक्षक का गुंततो? प्रस्तुत लेखात दोन वर्षांच्या अंतराने निर्माण झालेल्या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. एक ज्यूलियँ द्यूविव्हिए दिग्दर्शित फ्रेंच चित्रपट ‘पेपे ल मोको’ (१९३७) आणि दुसरा प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माणूस’ (१९३९) होय.

पेपे (ज्याँ गाबँ) हा पॅरिसचा दरोडेखोर. अल्जिअर्स शहरातील कसबा या दाट गल्ल्यांच्या वस्तीत तो पोलिसांपासून सुरक्षित आहे. परंतु तेथून बाहेर पडणे त्याला शक्य नाही. गाबी या पॅरिसच्या स्त्रीवर तो भाळतो, तेव्हा तिच्यामुळे आठवणाऱ्या शहरावरही तो तितकाच भाळलेला असतो. तिच्यासाठी तो कसबा सोडतो, बंदरावर पकडला जातो आणि तिचे जहाज निघालेले पाहून आत्महत्या करतो. प्रेक्षकाची सहानुभूती येथे चोरीला मिळत नाही. ती एका कोंडलेल्या माणसाला मिळते.

‘माणूस’मध्ये कोंडी आहे, पण भूमिका उलट आहेत. गणपत (शाहू मोडक) पोलीस शिपाई, तर मैना (शांता हुबळीकर) वेश्या. धाडीच्या वेळी गणपतच तिला वाचवितो. म्हणजे पहिली कर्तव्यच्युती कायद्याच्या रक्षकाकडून घडते. तो तिला आपल्या आईकडे नेतो. त्या माउलीचा साधा विश्वास मैनेला पेलवत नाही व ती निघून जाते. पुढे तिला लुबाडणाऱ्या नातेवाइकाचा तिच्या हातून खून होतो.

शांताराम यांना ‘देवदास’ (१९३५) मधील प्रेमासाठी झुरून मरणे मान्य नव्हते. बॉम्बे टॉकीजच्या शैलीतील प्रेमपटांचे विडंबनही त्यांनी याच चित्रपटात केले आहे. म्हणूनच गणपत शेवटी जीवनाकडे व कर्तव्याकडे वळतो. हा भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, काहीसा उपदेशपर झाला आहे. त्याहून प्रभावी आहे तो तुरुंगातील प्रसंग. गणपत मैनेला पळवून नेऊ पाहतो. प्रेक्षकालाही मनोमन तेच हवे असते. पेपेची सुटका दैव नाकारते. येथे मात्र सुटकेस स्वतः मैनाच नकार देते.